संघ शहर बदलतो तेव्हा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

२०२५ च्या ऑक्टोबरात फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगमधला हैदराबाद एफसी दिल्लीला हलला आणि 'स्पोर्टिंग क्लब दिल्ली' या नावाने उभा राहिला. हैदराबादचा तो संघ मुळात २०१९ मध्ये पुण्याच्या जागेवर आला होता. यावरून नाशिक आणि आसपासच्या वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

पुण्याचा संघ हैदराबादला गेला म्हणजे नेमके काय गेले? खेळाडू गेले, की नावच बदलले?
— कॉलेज रोडवरील वाचक

गेली ती लीगमधली जागा. एफसी पुणे सिटी २०१४ पासून पाच हंगाम बालेवाडीत खेळला. २०१९ मध्ये तो बंद झाला आणि त्याची जागा नव्या मालकांनी घेतली. प्रशिक्षक फिल ब्राउन आणि मार्सेलिन्हो, आदिल खान यांसारखे काही खेळाडू अशी मंडळी हैदराबादकडे आली. नाव, रंग, बोधचिन्ह सगळे नवे. पहिल्या हंगामात हा संघ तळाला राहिला आणि २०२१-२२ मध्ये केरला ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून विजेता झाला. त्या विजेतेपदात पुण्याचा उल्लेख कुठेच नाही.

यात दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक कळायला हवा. पहिल्या प्रकारात कंपनी तीच राहते, शहर आणि नाव बदलते. २०१९ मध्येच दिल्ली डायनॅमोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला, तो या प्रकारातला. तिथे खेळाडूंचे करार आपोआप चालू राहतात, कारण ते कंपनीशी केलेले असतात, शहराशी नाही. थकलेल्या पगाराची जबाबदारीही त्याच कंपनीवर राहते. दुसऱ्या प्रकारात जुनी कंपनी बाजूला होते आणि नवी कंपनी जागा घेते. अशा वेळी प्रत्येक खेळाडूला नवा करार करावा लागतो किंवा जुना क्लब, नवा क्लब आणि खेळाडू असा तिघांचा करार होतो. जुनी देणी कोण फेडणार, हे त्या तिघांच्या करारात लिहिलेले नसेल तर खेळाडूच अडकतो. फिफाच्या नियमानुसार दोन महिन्यांचा पगार थकला, तर खेळाडू क्लबला लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत देऊ शकतो. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर त्याला करार मोडता येतो. पण नोटीस योग्य कंपनीच्या नावाने गेली पाहिजे, आणि संघ हलण्याच्या धांदलीत नेमकी इथेच गल्लत होते.

शहरात मागे राहतात ते मैदान, अकादमीतली मुले आणि प्रेक्षक. त्यांच्याशी कुणाचा करार झालेला नसतो.

असा एखादा संघ नाशिकला आणता येईल का? त्यासाठी काय काय लागते?
— इंदिरानगर आणि गंगापूर रोड येथील वाचक

कागदावर येईल. मालक लीगकडे स्थलांतराचा अर्ज करतो आणि लीग व अखिल भारतीय फुटबॉल महासंघ मंजुरी देतात. महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी संलग्न व्हावे लागते. मग क्लब परवाना. आशियाई महासंघाचे निकष पाच गटांत आहेत: क्रीडा (युवा संघ यातच येतात), मैदान व सुविधा, मनुष्यबळ व प्रशासन, कायदा आणि अर्थ. मालक बाकीच्या गोष्टी पैशाने आणि माणसांनी उभ्या करू शकतो. अडतो तो मैदानावर. ओडिशा एफसीचेच पाहा. संघ भुवनेश्वरला हलला, पण कलिंगा स्टेडियमचे काम चालू असल्याने पहिल्या हंगामातले सुरुवातीचे 'घरचे' सामने पुण्यात बालेवाडीत खेळावे लागले. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब २००३ मध्ये मिल्टन कीन्सला गेला आणि २००७ मध्ये स्वतःचे स्टेडियम तयार होईपर्यंत हॉकीच्या स्टेडियमवर खेळत राहिला.

नाशिकबद्दल स्पष्ट सांगायचे तर आज तसे तयार मैदान इथे नाही. प्रवासाची बाजू पूर्वीपेक्षा बरी आहे. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला होऊन समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, त्यामुळे मुंबईत उतरलेला पाहुणा संघ कसाऱ्याचा घाट टाळून येऊ शकतो. ओझरचा विमानतळ आहेच. मात्र २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत. त्या काळात पोलीस बंदोबस्त, हॉटेलच्या खोल्या आणि रस्ते, तिन्ही गोष्टी सामन्यासाठी मिळणार नाहीत. हंगामाची आखणी करताना हे धरूनच चालावे लागेल.

आमचे मत विचाराल तर दुसऱ्याची जागा विकत घेऊन आणण्यापेक्षा खालून चढत येण्याचा रस्ता नाशिकला अधिक धार्जिणा आहे. २०२३ मध्ये आय-लीग ही खालची राष्ट्रीय लीग जिंकून पंजाब एफसी वरच्या लीगमध्ये आला, पुढच्या वर्षी मोहम्मेडन स्पोर्टिंग आला. म्हणजे ते दार एकदा उघडलेले आहे. जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय पातळीवरच्या खालच्या लीग, असा हा प्रवास वेळखाऊ असतो. पण त्या काळात मैदान तयार होते, मुले तयार होतात, आणि मालक कंटाळला म्हणून एका उन्हाळ्यात सगळे हातचे जात नाही.

गोल्फ क्लब मैदानावर रणजीचे सामने होतात. तिथेच फुटबॉल का नको?
— शरणपूर रोडवरील वाचक

क्रिकेटच्या मैदानाच्या मधोमध खेळपट्ट्यांचा चौथरा असतो. ती चिकण माती रोलरने दाबून दगडासारखी केलेली असते, तिच्यावर गवत नावापुरते. फुटबॉलचे मैदान १०५ बाय ६८ मीटर आखले की हा चौथरा बरोबर मध्यवर्तुळाच्या आसपास येतो. चेंडू तिथे वेगळ्या उंचीने उसळतो, बुटाचे स्टड रुतत नाहीत, खेळाडू घसरतो. उलट बाजूने, ओल्या चौथऱ्यावर स्टडची भोके पडली की क्युरेटरचे वर्षाचे काम वाया जाते. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आयपीएलही झाले आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे फुटबॉल सामनेही. पण त्यासाठी मधला भाग बदलून गवत बसवण्याचा खर्च आणि मधला वेळ, दोन्ही हाताशी लागतात. रणजी आणि फुटबॉल यांचे हंगाम एकाच वेळी, हिवाळ्यात येतात. त्यामुळे एकाच मैदानावर दोन्ही आणले तर दोन्ही बिघडतील.

धावण्याच्या ट्रॅकमधले मैदान हा त्यापेक्षा बरा पर्याय आहे. ४०० मीटरच्या प्रमाणित ट्रॅकच्या आत १०५ बाय ६८ मीटरचे मैदान बसते, मात्र अगदी काठोकाठ. कोपऱ्याचा झेंडा ट्रॅकच्या आतल्या कडेपासून जेमतेम १ मीटरवर येतो. कॉर्नर घेणारा खेळाडू धाव घेतो ती सिंथेटिक ट्रॅकवरून, तेव्हा चारही कोपऱ्यांत ट्रॅकवर कृत्रिम गवताची जाड पट्टी अंथरावी लागते. ती सामन्याआधी पसरायची आणि नंतर उचलायची. तशीच ठेवली तर खाली पाणी साचून ट्रॅकचा थर सुटतो.

आमच्या संस्थेचे मैदान काळ्या जमिनीवर आहे. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. व्यावसायिक संघाला चालेल असे मैदान तिथे करायचे झाले तर कसे करावे?
— आडगाव आणि निफाड येथील वाचक

या प्रश्नाला जागा जास्त देत आहोत, कारण नाशिक जिल्ह्यात संघ टिकणे न टिकणे यावरच ठरेल.

आधी जमिनीची परीक्षा करा. ३० सेंटिमीटर व्यासाचा पाइपचा तुकडा १० सेंटिमीटर जमिनीत ठोका, आत ५ सेंटिमीटर पाणी भरा आणि घड्याळ लावा. चांगल्या मैदानात हे पाणी तासाभरात जिरते. ओल्या काळ्या जमिनीत ते दुसऱ्या दिवशीही उभे दिसेल. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, म्हणून तिच्यात थेट घातलेल्या नळ्या दोन उन्हाळ्यांत वाकड्या होतात आणि त्यांचा उतार बिघडतो. वरची माती दीड-दोन फूट काढून मुरूम भरा, पाणी मारून रोलर फिरवा, आणि मगच पुढचे काम हातात घ्या.

मुरमाच्या थरात दर ५ मीटरला चर घ्या. त्यात १०० मिलिमीटरच्या छिद्रांच्या नळ्या, सभोवती बारीक खडी. या नळ्या बाजूच्या १६० मिलिमीटरच्या मुख्य नळीला जोडायच्या आणि ती नळी मैदानाबाहेर नाल्यात सोडायची. नाल्याची पावसाळ्यातली पाण्याची पातळी आधी पाहून ठेवा. तोंड त्या पातळीच्या खाली गेले तर पूर आला की पाणी उलटे मैदानात शिरते. तोंडावर एकाच दिशेने उघडणारी झडप बसवली की हा धोका टळतो.

नळ्यांवर १० सेंटिमीटर खडी आणि तिच्यावर ३० सेंटिमीटर वाळू. कडेची मोकळी पट्टी धरून ११५ बाय ७८ मीटरचा हिशेब केला तर खडी सुमारे ३१७ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आणि वाळू सुमारे ९५० ब्रास लागते. वाळूत १० टक्के कुजलेले कंपोस्ट मिसळा. मधोमध उंच आणि दोन्ही लांब बाजूंकडे ०.७ टक्के उतार ठेवा, म्हणजे मध्यापासून बाजूच्या रेषेपर्यंत साधारण २४ सेंटिमीटरचा फरक पडतो. तो डोळ्यांना जाणवत नाही, पण पाणी वाहते राहते.

चुका कुठे होतात ते सांगतो. नदीची वाळू मिळत नाही म्हणून क्रश सँड आणली जाते. ती धुतलेली नसेल तर तिच्यातली बारीक भुकटी खाली उतरून खडीच्या तोंडाशी थर धरते आणि दोन पावसाळ्यांत निचरा थांबतो. ट्रक उतरवण्यापूर्वी काचेच्या बरणीत मूठभर वाळू आणि पाणी घालून हलवा. दहा-पंधरा मिनिटांनी पाणी गढूळच असेल किंवा वाळूवर बारीक गाळाचा थर बसला असेल तर माल परत पाठवा. दुसरी चूक याहून सर्रास होते: गवत लवकर धरावे म्हणून ठेकेदार वाळूवर दोन-तीन इंच लाल माती पसरतो. पाणी त्या मातीतच अडून राहते, खालची सगळी रचना निकामी होते, आणि पैसे मात्र तिच्यावर खर्च झालेले असतात. लाल माती नको, असे निविदेतच लिहून टाका.

गवत म्हणजे आपल्या हरळीच्याच जातीचे संकरित बर्म्युडा. कांड्या मार्चच्या सुरुवातीला लावल्या तर उष्ण हवेत १० ते १२ आठवड्यांत मैदान भरते आणि पावसाआधी मुळे धरतात. जूनमध्ये लावणी केली तर पहिल्याच जोराच्या पावसात कांड्या आणि वाळू दोन्ही वाहून जातात. कापणी सिलिंडर मोवरने, २५ मिलिमीटर उंचीवर करा. एका वेळी पात्याचा एक तृतीयांशहून जास्त भाग कापू नका.

नाशिकची थंडी मुंबई-गोव्याच्या मैदानांना नसलेली अडचण इथे उभी करते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरतो, निफाडकडे तर आणखी खाली जातो. त्या काळात बर्म्युडाची वाढ थांबते, गवत पिवळे पडते आणि गोलसमोर पडलेले खड्डे भरून येत नाहीत. नेमका तोच ऐन हंगाम. उपाय असा: ऑक्टोबरच्या शेवटी बर्म्युडावरच राय गवताचे बी फेका, चौरस मीटरला ३५ ग्रॅम, म्हणजे पूर्ण मैदानाला सव्वातीनशे किलोच्या आत. आठवडा-दहा दिवसांत ते उगवते, थंडीभर हिरवे राहते आणि एप्रिलच्या उन्हाने आपोआप मरून बर्म्युडाला जागा देते. मार्चमध्ये कापणी जरा खाली आणली तर हा बदल लवकर होतो.

पाणी उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर धरा. एवढ्या क्षेत्राला ते सुमारे ४५ हजार लिटर होते, १० हजार लिटरचे साडेचार टँकर. पिण्याचे पाणी यासाठी वापरणे कुठल्याही शहरात योग्य नाही. महापालिकेच्या तपोवन, आगरटाकळीसारख्या मलनिस्सारण केंद्रांचे प्रक्रिया केलेले पाणी मागता येते. त्यातला क्षार वर्षातून दोनदा तपासून घ्या, जास्त निघाला तर महिन्यातून एकदा भरपूर पाणी सोडून तो खाली धुऊन काढा.

असे मैदान आठवड्याला साधारण ६ ते ८ तासांचा खेळ सोसते. सराव दुसऱ्या मैदानावर न्यावाच लागतो. आणि लग्नाचा मंडप, गरबा, प्रदर्शन यांना एक दिवसासाठीही देऊ नये. खांबांचे खड्डे बुजवता येतात, पण ट्रकच्या चाकांनी दबलेली वाळू परत सैल करायला भोके पाडणारे यंत्र फिरवून वर वाळू भरावी लागते आणि महिना जातो.

महापालिकेने मैदान एखाद्या संघाला द्यायचे ठरवले तर कोणत्या अटी घालाव्यात? उद्या संघ निघून गेला तर?
— सिडकोतील वाचक

संघ निघून जाणार, हे गृहीत धरूनच करार लिहावा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९९६ मध्ये यासाठी कायदाच झाला. करदात्यांच्या पैशावर उभ्या असलेल्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला हलायचे असेल तर सहा महिने आधी नोटीस द्यावी लागते आणि त्या काळात स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी लागते. कोलंबस क्रू हा फुटबॉल संघ ऑस्टिनला नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा चाहत्यांच्या चळवळीबरोबर या कायद्याचा आधार घेऊन दावा झाला. अखेर नवे मालक मिळून संघ कोलंबसमध्येच राहिला.

आपल्याकडे असा कायदा नाही, पण भाडेकरारात हे घालता येते. मुदत किमान पाच हंगामांची. सोडायचे असेल तर हंगाम संपल्यावरच आणि सहा महिन्यांच्या लेखी नोटिशीने. अनामत रक्कम एवढी, की निघून गेल्यावर मैदान मूळ स्थितीत आणण्याचा खर्च तिच्यातून भागेल. दिवे, खुर्च्या, निचऱ्याच्या नळ्या असे जे जमिनीला जोडलेले असेल ते पालिकेचे, हे स्पष्ट लिहा. देखभाल कोणी करायची आणि पाण्याचे बिल कोणाच्या नावे, यावर पुढे सर्वाधिक वाद होतात, तेव्हा त्याचे परिशिष्ट वेगळे जोडा. शहरातल्या मुलांच्या सरावाचे तास बाजूच्या मैदानावर राखून ठेवा, 'शक्य तेव्हा' असे न लिहिता वार आणि वेळ घालून. आणखी एक अट आम्ही आग्रहाने सुचवू: संघाच्या युवा गटांत नोंदलेल्या स्थानिक मुलांना संघ हलताना विनाशुल्क मोकळे करायचे.

माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, दुसऱ्या शहरातल्या क्लबच्या अकादमीत आहे. क्लब हलणार असे कळते. एक गृहस्थ नव्या क्लबात निवडीसाठी पैसे मागत आहेत. काय करावे?
— देवळाली कॅम्प येथील पालक

पैसे देऊ नका. खेळाडूंच्या वतीने बोलणी करण्यासाठी फिफाचा एजंट परवाना लागतो, आणि अल्पवयीन खेळाडूच्या बाबतीत पालकांची लेखी संमती घेतल्याशिवाय एजंटला पुढे जाता येत नाही. परवान्याचा क्रमांक मागा आणि फिफाच्या संकेतस्थळावर नाव तपासा.

मुलाची नोंद महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत, म्हणजे सीआरएसमध्ये, कोणत्या क्लबच्या नावे आहे ते आधी पाहा. क्लब हलण्यापूर्वी त्याच्याकडून ना-हरकत पत्र आणि आजवरच्या हंगामांच्या नोंदीचा दाखला लेखी घ्या. कार्यालय बंद झाल्यावर सही करायला माणूस सापडत नाही. तसे झाले तर राज्य संघटनेकडे अर्ज करा. नोंदीचा दाखला जपून ठेवणे मुलाला शिकवणाऱ्या लहान क्लबसाठीही महत्त्वाचे आहे. फिफाच्या नियमांत प्रशिक्षण-भरपाई १२ ते २१ या वयातल्या प्रशिक्षणावर मोजली जाते, आणि कराराच्या मध्यात खेळाडू परदेशी विकला गेला तर त्या रकमेतले ५ टक्के १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. नोंद नसेल तर देवळालीतल्या क्लबला त्यातले काहीच मिळत नाही.

नव्या क्लबने करार पुढे केला तर एवढे लक्षात ठेवा: १८ वर्षांखालील खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांहून जास्त मुदतीचा नसावा. शाळा, राहणे, दुखापतीचा विमा या तिन्ही बाबी करारात लिहिलेल्या हव्यात, तोंडी आश्वासन धरू नका.

संघ गेला की जुने विक्रम आणि नाव कोणाचे?
— पंचवटीतील वाचक

जिथे जसे भांडून घेतले तसे. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्लीव्हलँडचा संघ १९९६ मध्ये बाल्टिमोरला गेला, पण ब्राउन्स हे नाव, रंग आणि इतिहास शहराने राखून ठेवला आणि १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा केला. विम्बल्डनच्या चाहत्यांनी २००२ मध्ये स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला. जुन्या क्लबचे करंडक २००७ मध्ये त्यांच्या भागातल्या पालिकेकडे परत आले आणि २०२० मध्ये एएफसी विम्बल्डन प्लाउ लेन या आपल्या जुन्या भागात परतला. कोरियात आन्यांगचा संघ २००४ मध्ये सोलला नेला गेला. आन्यांगने २०१३ मध्ये नवा क्लब उभारला आणि २०२५ च्या हंगामात तो पहिल्या श्रेणीत पोहोचला. तीनही ठिकाणी चाहत्यांनी किंवा शहराने हा प्रश्न सोडून दिला नाही.

हंगामाचे तिकीट आधीच काढले होते. संघ हलला, पैसे परत मिळतात का?
— नाशिकरोड येथील वाचक

न झालेल्या सामन्यांचे पैसे मागता येतात. तिकीट विकणारी कंपनी आणि क्लब, दोघांनाही ईमेल करा, पावती जोडा आणि १५ दिवसांची मुदत द्या. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. अर्जात क्लबच्या नावाऐवजी पावतीवर छापलेले कंपनीचे नाव लिहा. संघाचे नाव बदलले असले तरी ती कंपनी अनेकदा तीच असते.